सेटअपची फेरमांडणी

या महाविद्यालयातून मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालो आणि पुढे योगायोगाने पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. कला शाखेचा पदवीधर तेथे करतो तरी काय, असा प्रश्न मला अजूनही लग्नकार्यात विचारला जातो. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे थोडे लांबलेले उत्तर समजावे. विषय काहीसा रुक्ष आहे. परंतु त्यातील चूक मुख्यतः माझी स्वतःची असल्यामुळे मी तो अधिकाराने सांगू शकतो.

हल्ली मोठे कारखाने व कचेऱ्या आपली पुष्कळशी कामे 'क्लाउड'वर करतात. म्हणजे प्रणाली दुसऱ्याच्या संगणकांवर चालते आणि संस्था वर्गणी भरून ती इंटरनेटवरून वापरते. पगाराची एक, खरेदीची दुसरी, रजेची तिसरी. प्रत्येकीचा पासवर्ड निराळा ठेवला तर माणसे तो टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवतात. यावर निघालेला उपाय म्हणजे 'सिंगल साइन-ऑन'. कर्मचाऱ्याने एकाच ठिकाणी आपली ओळख पटवावयाची, आणि त्या ठिकाणाने इतर प्रणालींना 'हा आमचाच माणूस' असा सहीशिक्क्याचा दाखला द्यावयाचा. अशा दाखल्याचा एक सर्वमान्य नमुना म्हणजे सॅमल. त्याची २.० ही आवृत्ती २००५ साली प्रमाण म्हणून मान्य झाली आणि आजही ती सर्रास वापरात आहे.

दाखला देणारा आणि घेणारा यांची आधी एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते. तोच हा सेटअप. घेणाऱ्याने आपले नाव आणि दाखला पाठविण्याचा पत्ता द्यावा. देणाऱ्याने आपले नाव, प्रवेशाचा पत्ता आणि सही पडताळण्याचे सर्टिफिकेट द्यावे. नोंदी मोजून पाच. यात अवघड काय, असे मलाही वाटले होते.

आमच्या पगाराच्या प्रणालीत हा सेटअप एकाच लांबलचक पानावर होता आणि त्याबद्दल तक्रारी फार येत. फेरमांडणीचे काम माझ्याकडे आले. माझ्या डोक्यात बी.ए.ला वाचलेला जॉर्ज मिलर होता. मनुष्य एका वेळी सात, फार तर दोन कमी किंवा दोन अधिक गोष्टी लक्षात धरू शकतो, असे मांडणारा त्याचा १९५६ चा निबंध आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल. मी ते पान फोडून सात छोट्या पायऱ्या केल्या. वर प्रगती दाखविणारी पट्टी, खाली 'पुढे' आणि 'मागे'. सर्वांनी कौतुक केले. तक्रारी मात्र होत्या तितक्याच राहिल्या.

येथे मिलरवर मी अन्याय केला होता हे कबूल केले पाहिजे. त्याचे म्हणणे तात्कालिक स्मृतीविषयी आहे. डोळ्यांसमोर लिहिलेली गोष्ट लक्षात ठेवावी लागतच नाही. उलट पान फोडल्यामुळे जे एका दृष्टीत दिसत होते ते मी सात पडद्यांआड लपविले आणि स्मृतीवरचा भार वाढविला. पाठ केलेला सिद्धान्त चुकीच्या जागी लावणे हा आम्हा पदवीधरांचा जुनाच रोग आहे.

त्यानंतर एका महिनाअखेरीस नाशिकजवळच्या एका कारखान्यात आमची प्रणाली कोणालाच उघडेना. तेथे ती सांभाळणाऱ्या मनुष्यबळ विभागातील बाईंनी सेटअप पूर्ण करून 'सर्वांना सक्तीचे' हा पर्याय चालू केला होता. एका पत्त्यात चूक राहिली होती. परिणामी सगळ्यांना जुना पासवर्ड बंद आणि नवा मार्गही बंद. खुद्द बाईंनासुद्धा आत शिरून तो पर्याय मागे घेता येईना. आमच्याकडून दुरुस्ती होईपर्यंत पगार एक दिवस लांबला. बाईंना मेमो मिळाला.

मी त्यांना भेटावयास गेलो. त्या रागावल्या नाहीत, हेच मला अधिक लागले. एवढेच म्हणाल्या, "अहो सर, तुमच्या पानावर हिरव्या अक्षरांत 'सेव्ह झाले' आले होते. मग मी झाले असे समजले."

त्यांचे काही चुकले नव्हते. 'सेव्ह झाले' याचा आमच्या लेखी अर्थ 'तुम्ही लिहिलेले आम्ही ठेवून घेतले'. त्यांच्या लेखी 'काम फत्ते झाले'. या दोन अर्थांमधल्या फटीत एका कारखान्याचा पगार अडकला.

मी त्यांना सारे पुन्हा करून दाखविण्याची विनंती केली आणि शेजारी वही घेऊन बसलो. तेव्हा जे दिसले ते आमच्या कचेरीत बसून कधीच दिसले नसते. पाचपैकी तीन नोंदी त्यांच्याकडे नव्हत्याच. त्या मुंबईच्या मुख्य कचेरीतील संगणक विभागाकडे होत्या. तेथील गृहस्थांना आमच्या प्रणालीत प्रवेश नाही. बाईंना त्यांच्या प्रणालीत नाही. म्हणून बाई फोनवरून पत्ता वाचून दाखवीत आणि ते गृहस्थ तिकडे टंकीत. शेवटची एक तिरपी रेघ सांगावयाची राहिली होती. हे नाव अक्षरशः जुळावे लागते. एका रेघेने ते निराळे ठरते. शिवाय गृहस्थ दोन दिवस रजेवर गेले, तेवढ्यात माझ्या सात पायऱ्यांवरची अर्धवट माहिती पुसली गेली आणि सारे पहिल्यापासून करावे लागले.

महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या दिवसांत एका खिडकीवर अर्ज आणि दुसऱ्या खिडकीचा शिक्का, असा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. तेथे अर्ज लांब असतो म्हणून आपण दमत नाही. दमतो तो खिडक्यांमधल्या चालण्याने. एका माणसाने एका बैठकीत करावयाचे काम अशी मी या सेटअपची कल्पना केली होती. प्रत्यक्षात ते दोन गावांतील दोन माणसांनी आठवडाभरात करावयाचे काम होते.

दुसरी अडचण भाषेची निघाली, आणि ती आपल्या वाचकांना विशेष रोचक वाटेल. ओक्टा या प्रणालीत 'सिंगल साइन-ऑन यूआरएल' या चौकटीत दाखला घेणाऱ्याचा पत्ता लिहावयाचा असतो. गूगलच्या व्यवस्थेत 'एसएसओ यूआरएल' म्हणजे दाखला देणाऱ्याचा पत्ता. शब्द एकच, अर्थ नेमके उलटे! मायक्रोसॉफ्ट पहिल्याला 'रिप्लाय यूआरएल' म्हणते. आमच्या पानावर आणखी चौथेच नाव होते. बोलीभाषेत गावागणिक शब्द बदलतो तेव्हा आपण संदर्भाने समजून घेतो. येथे संदर्भ सांगणारा कोणी नसतो.

फेरमांडणी पुन्हा हाती घेतली ती या वहीवरून. आता आमचे पान आधी विचारते की तुमच्याकडे दाखला देणारी प्रणाली कोणती, आणि पुढे त्याच प्रणालीची नावे वापरते. दुसऱ्या विभागाचा भाग वेगळा काढला. त्याचा दुवा बाईंनी मुंबईस पाठवावयाचा, तिकडच्या माणसाने त्याच्यापुरत्या नोंदी थेट भरावयाच्या. पगाराचे काहीही त्याला दिसत नाही. पत्ते वाचून दाखविण्याचे काम संपले. अर्धवट मजकूर महिनाभर जागेवर राहतो.

'सेव्ह झाले' हे शब्द आम्ही काढले. त्यांच्या जागी 'मसुदा', 'तपासले' आणि 'सक्तीचे' अशा तीन अवस्था आल्या. तपासणी बाईंनी स्वतःच्या नावाने वेगळ्या खिडकीत करावयाची. ती यशस्वी झाल्याखेरीज सक्तीचा पर्याय चालू होतच नाही, आणि का होत नाही ते तेथेच लिहिलेले असते. ही कल्पना माझी नव्हे. आयबीएममध्ये जॉन कॅरॉल व कॅरोलाइन कॅरिदर्स यांनी मजकूर लिहिण्याच्या एका प्रणालीत नवशिक्यांना हमखास गोत्यात आणणारे पर्याय बंद करून पाहिले होते. तशी प्रणाली मिळालेली माणसे लवकर कामाला लागली आणि चुका निस्तरण्यात त्यांचा कमी वेळ गेला, असे त्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केले. लहान मुलाच्या सायकलला लावलेल्या जादा चाकांची उपमा त्यांनी दिली आहे. फरक एवढाच की सायकल शिकल्यावर ती चाके काढता येतात. येथे शिकणे होतच नाही. हे काम माणूस एकदा करतो आणि विसरतो.

तपासणी फसली तर पूर्वी 'अवैध प्रतिसाद' एवढेच उमटे. आता नाव जुळत नाही, सर्टिफिकेट निराळे आहे, की दोन संगणकांची घड्याळे पुढेमागे आहेत, हे वेगवेगळे सांगितले जाते. एक कारण आम्हाला फार उशिरा कळले. लग्नानंतर काही जणींचा ईमेल सासरच्या नावाने बदललेला असतो, पण दाखल्यावर येणारे नाव माहेरचेच राहते. यंत्र त्या बाईला ओळखत नाही.

विरोध झालाच. पायऱ्या मोजल्या तर त्या पूर्वीपेक्षा जास्त भरत होत्या. विक्री विभागाचे सहकारी म्हणाले, ग्राहकापुढे आम्ही हे पाच मिनिटांत दाखवीत होतो, आता काय दाखवू? सुरक्षिततेच्या बाजूचा आक्षेप मात्र खरा होता. अडचणीच्या वेळी आत शिरण्यासाठी एखाद्याकडे जुना पासवर्ड ठेवला, तर ती मागची उघडी खिडकीच झाली. पुष्कळ भांडून असे ठरले की असा अधिकार जास्तीत जास्त दोघांना द्यावा, आणि तो वापरला जाताच प्रणाली सांभाळणाऱ्या सर्वांना ईमेल जावा. याहून चांगला तोडगा मला अद्याप सुचलेला नाही.

सर्टिफिकेटच्या मुदतीचा प्रश्न राहिलाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत ते सहसा ३ वर्षांचे निघते. मुदत संपली की दाखल्यावरची सही ग्राह्य धरली जाईलच असे नाही आणि दार पुन्हा बंद होऊ शकते. आम्ही दोन महिने आधीपासून सूचना पाठवितो. पण तोवर खुर्चीवरचा माणूस बदललेला असू शकतो आणि सूचना निवृत्त झालेल्याच्या नावे जात राहते.

गेल्या खेपेस नाशिकला गेलो तेव्हा बाईंनी शेवटचे पान छापून फायलीला लावलेले दिसले. मुदतीची तारीख फायलीच्या पाठीवर लाल शाईने लिहिली होती, आणि तिच्याखाली मुंबईच्या गृहस्थांचा फोन नंबर.