उच्च शिक्षणाचे नियोजन : प्रारंभ शाळेतच

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये 2035 पर्यंत उच्च शिक्षणातील सकल नोंदणी प्रमाण 50 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. 2021-22 मध्ये ते 28.4 टक्के होते. ही दरी भरून काढण्यासाठी महाविद्यालयांच्या संख्येइतकेच शालेय वयातील नियोजनही महत्त्वाचे आहे.

पहिला टप्पा विषयनिवडीचा. अर्थशास्त्र कला शाखेत मोडते, या समजुतीने अनेक विद्यार्थी दहावीनंतर गणित सोडतात. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र (ऑनर्स) प्रवेशासाठी मात्र गणिताचा पेपर अनिवार्य असतो.

दुसरा टप्पा प्रवेश परीक्षांचा. केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी 2022 पासून सामायिक परीक्षा (सीयूईटी) घेतली जाते. तरीही बारावीचे गुण गौण ठरत नाहीत. एनआयटी प्रवेशासाठी जेईई-मेनमधील क्रमांकाबरोबरच बारावीत 75 टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी 65 टक्के) गुण किंवा मंडळातील अव्वल 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान आवश्यक असते.

तिसरा टप्पा अर्थसाहाय्याचा. 2008 मध्ये सुरू झालेल्या एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होते. निवड झालेल्यांना नववी ते बारावी वार्षिक 12,000 रुपये देण्याची तरतूद आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तारण व जामिनाविना शैक्षणिक कर्जाची सोय आहे.

गुणवत्ता असूनही माहितीअभावी संधी हुकते, ती प्रामुख्याने पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांची. म्हणूनच हे मार्गदर्शन बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर माध्यमिक शाळेतच मिळणे अगत्याचे आहे.