लोहगड ते सार पास : तयारीचं गणित

मळवली स्टेशनवर उतरायचं, भाज्यातून गायमुख खिंडीत चढायचं आणि गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा असे चारही दरवाजे ओलांडून लोहगडाचा माथा गाठायचा. हे मी दर रविवारी करायचो. त्यामुळे हिमाचलातल्या सार पासला निघालो तेव्हा ग्रुपमध्ये सगळ्यात फिट आपणच, अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात बाकीच्यांनी पास केला आणि मी शेवटच्या कॅम्पवरून परत फिरलो. मित्रांनो, माझं काय चुकलं ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

आधी थोडी थिअरी

हवेत ऑक्सिजन सगळीकडे साधारण २१ टक्केच असतो. उंचीवर कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाऱ्याचा ७६० मिलिमीटर, लोहगडावर (सुमारे १०३० मीटर) ६७० च्या आसपास आणि सार पासवर (सुमारे ४२०० मीटर) ४५० च्या घरात! म्हणजे तिथे प्रत्येक श्वासात जवळपास ४० टक्के ऑक्सिजन कमी. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरच. थोडक्यात, विरळ हवेची सवय आपल्याकडे होऊच शकत नाही.

मग लोहगड कशाला?

पाय, दम आणि खांद्यांसाठी. सार पासचा हंगाम मे महिन्यात, म्हणजे सराव फेब्रुवारी ते एप्रिलच्या उन्हात. पहाटेची लोकल पकडा आणि माणशी तीन लिटर पाणी घ्या.

पहिला महिना : आठवड्यातून पाच दिवस ४-५ किलोमीटर जॉगिंग, रविवारी लोहगड.

दुसरा महिना : लोहगड आणि विसापूर एकाच दिवशी, पाठीवर ६ ते ८ किलो. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्याच भरा. उतरताना गुडघे कुरकुरले तर पाणी ओतून देता येतं, दगड भरले तर सॅक उघडायचा कंटाळा येतो!

तिसरा महिना : लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाची, साधारण १५-१६ किलोमीटर. उधेवाडीत मुक्काम. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन आणि मनरंजन बघून चालतच परत. हिमालयात रोज चालायचं असतं, म्हणून दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी चालण्याचा हा सराव महत्त्वाचा. नवे बूटही इथेच रुळवा.

माझी चूक

हे सगळं मी केलं होतं. पण नगारू कॅम्पवर (सुमारे ३८०० मीटर) मी लोहगडाच्याच स्पीडने, सगळ्यांच्या आधी पोचलो. वाटेत पाणी जेमतेम प्यायलो. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, जेवण नको वाटलं. कोणी विचारलं तर "काही नाही रे, थकलोय." रात्री दोनदा उलटी झाली. सकाळी लीडरने सरळ खाली पाठवलं, सोबत एक माणूस दिला. दुपारी मिन थाचला पोचेपर्यंत डोकेदुखी जवळजवळ गेली होती. औषध एकच, उंची कमी करणं!

गंमत म्हणजे लोहगडावर नेहमी शेवटी पोचणारी आमची मैत्रीण गप्पा मारत, पाणी पीत पास करून आली. उंचीचा त्रास फिटनेस बघून होत नाही. उलट फिट माणूस घाई करतो आणि त्रास लपवतो.

लक्षात ठेवा

• ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं.
• बोलता बोलता चालता येईल, एवढाच वेग ठेवा.
• डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा भूक मेलेली असेल तर लगेच सांगा. बरं वाटेपर्यंत वर चढू नका.
• बसल्या जागी धाप, तोल जाणं, असंबद्ध बोलणं ही धोक्याची घंटा. अशा माणसाला रात्र असली तरी ताबडतोब खाली न्या, एकटं पाठवू नका.
• डायमॉक्स डॉक्टरांना विचारूनच घ्या. गोळी घेतली म्हणून खाली उतरणं टळत नाही.

पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या गिर्यारोहकांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट सर केलं. सह्याद्रीत वाढलेली ही माणसं. पण एव्हरेस्टवर त्यांनाही आठवडेच्या आठवडे थांबून शरीराला सवय करावी लागते. मग आपण कोण?

मी येत्या मे महिन्यात पुन्हा जातोय. सराव चालू आहे. फक्त हल्ली लोहगडावर मी सगळ्यात शेवटी पोचतो.