आपला अंदाज आणि आपली वही

मैत्रिणींनो, या वेळचा धडा माझ्याच चुकीपासून सुरू करते.

मागच्या उन्हाळ्यात पुंडलिकनगरातल्या एका दुकानदाराने आमच्या गटाला विचारलं, "५० किलो कुरडया किती दिवसांत द्याल?" गावाकडून शहरात आलेल्या कुटुंबांना घरच्या कुरडईची चव माहीत असते, त्यामुळे तिथे गिऱ्हाईक होतं. मी गटाची सचिव. लगेच म्हणाले, "१५ दिवस. हात सवयीचे आहेत." गटातल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "अगं, मागच्या साली २० किलोला किती दिवस लागले, ते वहीत बघ की." मी म्हटलं, "मावशी, तेव्हा नवीन होतो. आता शिकलो ना आपण." वही काही उघडली नाही.

पुढे काय झालं? गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून पाडायचा आणि वर कडक ऊन पाहिजे. मधे दोन दिवस आभाळ आलं. एकीच्या घरी लग्न निघालं, एकीचं लेकरू तापाने फणफणलं. माल तयार व्हायला २६ दिवस लागले. तोवर दुकानदाराने दुसरीकडून माल भरला होता. आमचा निम्माच उचलला. गव्हासाठी घेतलेल्या अंतर्गत कर्जाचा हप्ता थकला. मग वही उघडली. २० किलोला १० दिवस, म्हणजे दिवसाला २ किलो. त्या हिशेबाने ५० किलोला २५ दिवस. उत्तर आमच्या पेटीतच होतं!

शिकलेल्यांचंही असंच होतं

रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? त्यांचा सरासरी अंदाज होता ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. अंदाज सांगताना माणूस सगळं सुरळीत होईल असंच चित्र डोळ्यांपुढे आणतो. आभाळ, आजारपण, पाहुणे त्या चित्रात नसतात.

दुसऱ्याचं बरोबर कळतं, आपलं चुकतं

डेव्हिड डनिंग हे अमेरिकेतले सामाजिक मानसशास्त्रज्ञ. माणूस स्वतःला किती ओळखतो, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांनी आणि निकोलस एप्ली यांनी २००० साली एक साधा प्रयोग मांडला. कॅन्सरच्या मदतीसाठी विद्यापीठात फुलं विकली जाणार होती. विद्यार्थ्यांना आधीच विचारलं, तुम्ही घ्याल का? १०० पैकी ८३ जण हो म्हणाले. बाकीचे किती घेतील? तर म्हणे ५६. विक्री झाल्यावर दिसलं की घेणारे होते ४३.

बघा, दुसऱ्यांबद्दलचा अंदाज पुष्कळ जवळ गेला, स्वतःबद्दलचा लांब राहिला. आपण दुसरीचं वागणं बघतो आणि स्वतःचा मात्र हेतू बघतो. "मी हप्ता वेळेवर भरणारच" हा आपला हेतू असतो. मागच्या सहा महिन्यांत किती वेळा वेळेवर भरला, हे आपलं वागणं. कर्ज मागताना दुसरं बघायचं.

जाणणारी गप्प का बसते?

डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांचा १९९९ चा अभ्यास जगभर गाजला. तर्क आणि व्याकरण यांसारख्या विषयांत परीक्षा घेतल्या. सगळ्यात मागे राहिलेल्यांची खरी जागा १०० मध्ये साधारण १२ वी होती, म्हणजे ८८ जण त्यांच्या पुढे. स्वतःला मात्र ते ६२ च्या आसपास समजत होते. कारण काम बरोबर करायला जी जाण लागते, तीच आपली चूक ओळखायलाही लागते. या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत. पण एक गोष्ट आपल्या कामाची आहे: मागे राहिलेल्यांना तोच विषय शिकवला, तेव्हा त्यांना आपल्या चुका दिसायला लागल्या. शिकणं वाया जात नाही.

आणखी एक. जे सगळ्यांत पुढे होते, त्यांनी स्वतःला थोडं कमीच धरलं. आपल्याला जमलं ते सगळ्यांनाच जमलं असेल, असं त्यांना वाटलं. आता आमच्या मावशी आठवा. त्या हळूच बोलल्या आणि मी मोठ्याने. बैठकीने माझं ऐकलं. ज्याचा आवाज मोठा त्याचा अंदाज खरा, असं नसतं.

हा धडा वाचून "आमच्यातल्या अमकीला हे वाचून दाखवा" असं मनात आलं असेल, तर थांबा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. धडा आधी आपल्यासाठी.

बैठकीत काय करायचं?

१. ऑर्डर घेण्याआधी वही उघडा. मागे एवढ्याच कामाला किती दिवस, किती पैसे लागले ते मोठ्याने वाचा.

२. "मी" ऐवजी "दुसरा गट" असं धरून विचारा: हेच काम शेजारच्या गटाने घेतलं असतं, तर त्यांना किती दिवस लागले असते?

३. प्रत्येकीने आपला अंदाज आधी चिठ्ठीवर लिहावा, मग बोलावं. अध्यक्ष-सचिवांनी शेवटी बोलावं. जिला लिहिता येत नाही, तिने विश्वासाच्या मैत्रिणीकडून लिहून घ्यावं.

४. ठरलेला अंदाज इतिवृत्तात लिहा. काम झाल्यावर त्याच्याच शेजारी खरा आकडा लिहा.

पंचसूत्रीत नियमित हिशेब हे सूत्र आहे. आपल्याला वाटतं, ते बँकेला दाखवायला आहे. खरं तर तो आपला आरसा आहे. मन आपली बाजू घेतं, वही कुणाचीच घेत नाही.

या उन्हाळ्यात तोच दुकानदार पुन्हा आला, ३० किलो मागत होता. मावशींनी वही माझ्यापुढे सरकवली. दिवसाला २ किलो, म्हणजे १५ दिवस, वर ३ दिवस आभाळाचे. आम्ही १८ दिवस सांगितले आणि १७ व्या दिवशी माल पोचवला.

पुढच्या बैठकीत बोला: आपल्या गटाचा कोणता अंदाज सगळ्यांत जास्त चुकला? तेव्हा खरं कोण सांगत होतं, आणि आपण तिचं का ऐकलं नाही?