शंका-समाधान : पंथ सोडल्यानंतरचे रविवार

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच दुखण्याविषयी आहेत, म्हणून ती एकत्र घेते आहे. लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत. त्यांच्या पंथांची आणि जमातींचीही गाळली आहेत. एका पत्रात मात्र पंथाचं नाव ठेवावं लागलं, कारण त्याशिवाय प्रश्नच कळला नसता.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे, चिंचवडला राहतो. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या एका संप्रदायात. रविवारची सभा, एकादशी, कांदा-लसूण नाही, सिनेमा नाही, बाहेरच्यांशी मैत्री जवळजवळ नाही. अडीच वर्षांपूर्वी मी सभेला जाणं थांबवलं, कारण श्रद्धाच उरली नव्हती. वाटलं होतं, सुटल्यावर मोकळं वाटेल. पण रविवारी संध्याकाळी पाच वाजले की पोटात खड्डा पडतो. गेल्या पावसाळ्यात लोणावळ्याला ऑफिसातल्या मुलांबरोबर कांदाभजी खाल्ली आणि रात्रभर छाती धडधडत राहिली. देवाची भीती आता वाटत नाही, मग ही भीती कसली? माझं चुकलं का?

उत्तर : आधी भज्यांविषयी. अमुक खाल्लं की वाईट होणार, हे तुम्हाला बोलता येऊ लागल्यापासून शिकवलं गेलं. बुद्धीने तुम्ही ती शिकवण सोडलीत, पण शरीर इतक्या लवकर सोडत नाही. ते वाद घालून पटणारं नाही, त्याला अनुभवच लागतो. खाल्लं, धडधडलं, झोप लागली नाही, सकाळ झाली, काहीही झालं नाही. असं आठ-दहा वेळा झालं की धडधड आपोआप कमी होते. आणि कांदा खायलाच हवा असंही काही नाही. तो खायचा की नाही हे तुम्ही ठरवलेलं असलं म्हणजे झालं.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा घरात असेल तर ती या नजरेने पुन्हा वाचा. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये. मधली वर्षं ताटातुटीची, नातेवाइकांच्या आधाराने काढलेली, आणि मनातलं सोवळं-ओवळं हळूहळू सुटत जाण्याची. इतक्या धीट बाईलाही वर्षं लागली. तुम्हाला अडीच वर्षांत पुरतं मोकळं वाटलं नाही, यात कमीपणा कसला?

आता रविवारचे पाच. हेलेन रोझ फ्युक्स ईबॉ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आधी ख्रिस्ती मठातल्या जोगीण होत्या. मठ सोडल्यावर त्यांनी नोकरी, लग्न, धर्मसंस्था अशा नाना गोष्टी सोडून आलेल्या माणसांशी बोलून १९८८ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलं की ‘माजी’ होणं ही स्वतंत्र अवस्था असते. जुनी ओळख निघून गेली तरी तिचा अंमल मागे राहतो, आणि माणसाला त्याच्यासकटच नवं आयुष्य मांडावं लागतं. रविवारी पाच वाजता तुमच्या पोटात जे होतं, तो हाच अंमल.

पण तुमचं खरं उत्तर मला दुसऱ्या एका अभ्यासात दिसतं. प्रार्थनास्थळी नियमित जाणारी माणसं जास्त समाधानी असतात, हे पाहण्यांमधून आधीपासून दिसत होतं. त्याचं कारण काय, हे चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम यांनी अमेरिकेतल्या पाहणीवरून शोधलं आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. ज्यांचे जिवलग मित्र तिथेच आहेत, त्यांचं समाधान जास्त भरलं. नेमाने जाऊनही ज्यांचं तिथे कुणी नव्हतं, त्यांच्यात हा फायदा दिसला नाही. म्हणजे तुम्ही सभा सोडलीत तेव्हा तुमच्या हातून काय गेलं, ते पाहा. दारात चपला काढताना ‘काय रे, मागच्या रविवारी दिसला नाहीस’ म्हणणारी शंभर माणसं गेली. पंगतीत शेजारी बसणारा मित्र गेला. श्रद्धा गेल्याचं दुःख तुम्हाला फारसं नाही. या माणसांचं आहे, आणि ते असायलाच हवं.

म्हणून उपायही माणसांचाच. दर आठवड्याला, ठरल्या वेळी, त्याच त्या माणसांबरोबर काहीतरी करा. गाण्याचा वर्ग, हौशी नाटकाची तालीम, वस्तीतल्या मुलांना गणित शिकवणं, काहीही चालेल. अट एकच: तुम्ही गेला नाहीत तर कुणीतरी फोन करून विचारील अशी जागा हवी. मोबाइलवरच्या गटाने हे साधत नाही. शेजारी बसून खाल्ल्याशिवाय माणसं आपली होत नाहीत, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

यात एक सावधगिरी बाळगा. रिकामपण असह्य झालं की माणूस दुसऱ्या तशाच कुंपणात शिरतो. एक गुरू सोडून दुसरा धरणारे मी पाहिले आहेत, आणि शनिवार-रविवार ‘मोटिव्हेशन’च्या सभा भरवणाऱ्या साखळी धंद्यात अडकलेलेही पाहिले आहेत. कुठेही जाण्याआधी तपासा: तिथे प्रश्न विचारला तर काय होतं? आणि उठून आलो तर मागे राहणारे आपल्याशी बोलतील का?

तुमचं चुकलेलं नाही. झोप वारंवार उडत असेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर थांबू नका. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा, तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी ४४ वर्षांची, मुंबईची. सात वर्षांपूर्वी मी जमातीच्या पैशाचा हिशेब मागितला म्हणून आमच्या जमातीने मला बाहेर काढलं. तेव्हापासून लग्नकार्य बंद, चुलत बहिणी रस्त्यात तोंड फिरवतात. मी नोकरी करते, एकटी नीट राहते. खरं सांगायचं तर पुष्कळ बाबतींत पूर्वीपेक्षा सुखी आहे. पण आई ७८ वर्षांची आहे, डायलिसिसवर आहे. भाऊ म्हणतो, माफीनामा लिहून दे, नाहीतर आईच्या दफनाला तुला येऊ देणार नाहीत. लिहून दिला तर मी माझ्याच मनातून उतरेन. काय करू?

उत्तर : ताई, आधी कायद्याचं सांगते, कारण तो तुमच्या बाजूने आहे हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. माणसाला जमातीबाहेर काढण्याला बंदी करणारा कायदा मुंबई राज्याने १९४९ मध्येच केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द ठरवला. तो निकाल बरोबर होता का, हा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ मध्ये लागू झाला. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी जी चळवळ केली, तिचा त्यात मोठा वाटा आहे. या कायद्याने वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अंत्यविधीत अडथळा आणणं यातच मोडतं. एका चांगल्या वकिलाला आजच भेटून ठेवा. वेळ आल्यावर धावाधाव नको.

पण कायदा दारातला पहारा हटवील, भावाचं मन वळवणार नाही. म्हणून माफीनाम्याकडे येते.

पुण्यात ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये सभा झाली, चहा-बिस्किटं फिरली, आणि तिथे हजर असलेल्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. लोकमान्य टिळक त्यांत होते, न्यायमूर्ती रानडे होते. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांना ते फार लागलं. रमाबाई रानड्यांच्या आठवणींतून दिसतं, ते असं की बहिष्कारामुळे घरी कोंडी झालेल्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून त्यांनी हा कमीपणा पत्करला. त्यांचं बरोबर की त्यांच्यावर रागावलेल्यांचं, यावर आजही दोन मतं होतील. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की माफी मागितल्याने माणूस लहान होतोच असं नाही. ती कुणासाठी मागितली यावर पुष्कळ अवलंबून असतं.

तरी खोटं लिहून देऊ नका. ‘हिशेब मागणं ही माझी चूक होती’ हे वाक्य तुम्हाला आयुष्यभर टोचेल. ‘माझ्या वागण्याने कुणाचं मन दुखावलं असेल तर मी दिलगीर आहे’ एवढं लिहिता येत असेल, तर आईसाठी लिहा. तेवढ्यावर त्यांचं भागत नसेल, तर त्यांना तुमची दिलगिरी नको आहे, शरणागती हवी आहे, आणि ती देण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही. आईला काय वाटतं? दफनाचा दिवस एकच असेल, आई आज आहे. डायलिसिसच्या दिवशी चार तास त्या खाटेवर असतात. तिथे जमातीची परवानगी लागत नाही. शेजारी जाऊन बसा. त्यांचा हात हातात घ्या आणि त्यांनाच विचारा. माझ्याकडे येणाऱ्या अशा लेकींमध्ये पुढे सर्वांत जास्त हळहळ करणाऱ्या त्याच असतात, ज्या माफीनाम्याच्या वादात गुंतल्या आणि भेटायच्या राहिल्या.

प्रश्न : मी मूळची सांगलीची, लग्नानंतर डॅलसला आहे. माझा नवरा ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथात वाढला. सोळाव्या वर्षी त्याचा बाप्तिस्मा झाला, सव्विसाव्या वर्षी तो बाहेर पडला. त्याचे आईवडील वीस मिनिटांच्या अंतरावर राहतात, पण त्याच्याशी बोलत नाहीत. आमची मुलगी चार वर्षांची होईल. वाढदिवसाचा विषय काढला की तो गप्प होतो. मला राग येतो. सुटला ना एकदाचा, मग आता काय?

उत्तर : त्या पंथात वाढदिवस करत नाहीत, नाताळही नाही. बायबलमध्ये वाढदिवसाचे जे दोन ठळक प्रसंग येतात, एक फॅरोचा आणि एक हेरोदाचा, त्या दोन्हींत कुणाचा तरी जीव घेतला जातो. हे त्याच्या कानावर बालपणापासून पडलं असणार. बाप्तिस्मा घेऊन सोडून जाणाऱ्याशी घरच्यांनीही संबंध तोडावेत, ही तिथली रीत. २०२४ मध्ये तिला थोडी ढील मिळाली. पंथाबाहेर काढलेल्या माणसाला सभेचं आमंत्रण द्यावं, तो आला तर दोन शब्दांत स्वागत करावं, एवढी. एकत्र बसून जेवणं त्यात येत नाही.

म्हणजे वीस मिनिटांवर आई जिवंत आहे आणि त्याला आई नाही. पॉलीन बॉस या अभ्यासकांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांमध्ये काम केलं, आणि अशा दुःखाला ‘अस्पष्ट वियोग’ म्हणता येईल असं नाव दिलं. माणूस गेला असं म्हणता येत नाही आणि आहे असंही नाही, म्हणून सुतक नाही, दिवस नाहीत, सांत्वनाला येणारं कुणी नाही. तुमच्या नवऱ्याचं सुतक अनेक वर्षं चालू आहे. ‘सुटला ना’ असं त्याला म्हणू नका.

मुलीचा वाढदिवस मात्र सोडू नका. मेणबत्त्या, टाळ्या, फुगे यंदा राहू देत. आपल्याकडचं औक्षण करा. पाट, रांगोळी, निरांजन, हातावर पेढा. पंथाने त्याला ज्या चित्राची धास्ती घातली, त्यात हे नाही. त्याला शेजारी नुसतं बसू द्या. त्याच्यासारखेच बाहेर पडलेले लोक अमेरिकेत एकमेकांना भेटतात, त्यांच्यातला एखादा मित्र त्याला मिळाला तर तुमच्यावरचाही भार हलका होईल. तो तुम्हाला सगळं समजावून सांगू शकणार नाही. त्याला न समजावता समजणारं कुणीतरी हवं आहे.

प्रश्न : मी कोल्हापूरचा निवृत्त शिक्षक आहे. आमच्या घराण्यात पंथाची दीक्षा चार पिढ्यांची. धाकट्या मुलाने दोन वर्षांपूर्वी माळ काढून ठेवली आणि पुण्याला गेला. आमचे गुरुजी म्हणतात, त्याच्याशी व्यवहार ठेवला तर घराला दोष लागेल. त्याची आई चोरून फोन करते. तो म्हणतो, मी सुखात आहे. मला ते खरं वाटत नाही. आमची श्रद्धा सोडून तो सुखी कसा असेल?

उत्तर : सर, तुमची श्रद्धा खरी आहे, म्हणूनच हा प्रश्न तुम्हाला छळतो आहे. तिला हात न लावता बोलते.

तो सुखात आहे म्हणतो, ते अर्धं खरं असावं. मनाविरुद्ध हात जोडावे लागत नाहीत, याचं सुख त्याला नक्की आहे. वर चिंचवडच्या मुलाचं पत्र आहे, ते वाचा. उरलेलं अर्धं तिथे सापडेल. घर सुटल्याचं दुःख तो तुम्हाला सांगणार नाही, कारण सांगितलं की तुम्ही म्हणाल, मग ये परत. जोवर त्याच्या दुःखाचा पुरावा म्हणून उपयोग होईल अशी त्याला धास्ती आहे, तोवर तो ‘मजेत आहे’ असंच म्हणत राहणार.

अशी मुलं वर्षानुवर्षं माझ्यासमोर बसली आहेत. जी सावरली, त्यांतल्या बहुतेकांच्या घरातल्या एका तरी माणसाने दार उघडं ठेवलं होतं. कुणाची आजी, कुणाचा मामा. तुमच्या घरात ते काम त्याची आई चोरून करते आहे. तिला चोरून करावं लागू नये, एवढं तुमच्या हातात आहे. दोषाचं काय करायचं ते तुम्ही आणि तुमचा देव पाहून घ्या. गुरुजींना मध्ये आणू नका.

येत्या रविवारी तुम्ही स्वतः त्याला फोन करा. माळेचा विषय काढू नका. जेवलास का, एवढं विचारा, आणि तो बोलेल तितका वेळ ऐका.