बोट उचलू नकोस

चि. सईस,


परिमितीची सूत्रं तुला पाठ आहेत, पण आकृती जरा वेडीवाकडी आली की उत्तर चुकतं, असं तुझी आई फोनवर म्हणाली. सूत्राच्या आधी करायची एक गोष्ट राहिली आहे, ती सांगतो.

आकृतीच्या एका कोपऱ्यावर बोट ठेव आणि कडेकडेनं फिरवत पुन्हा तिथंच आण. बोटानं जेवढी वाट कापली, तेवढी परिमिती. आयताभोवती फिरताना लांबी दोनदा भेटते, रुंदीही दोनदा. म्हणून 2 × (लांबी + रुंदी). चौरसाला चारही बाजू सारख्या, म्हणून 4 × बाजू. वर्तुळाला बाजूच नाहीत. तिथं व्यासाच्या तिपटीहून थोडं जास्त फिरावं लागतं. आर्यभटानं 20000 व्यासाच्या वर्तुळाचा परीघ 62832 सांगितला आणि तो ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवलं.

आता शेतात ये. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. तो 33 फूट बाजूचा चौरस असेल, तर कुंपणाचा एक फेरा 132 फुटांचा. तोच गुंठा 99 फूट लांब आणि 11 फूट रुंद असेल, तर फेरा 220 फुटांचा! ओढ्याकाठच्या अशाच पट्टीला मी तरुणपणी चौरसाच्या हिशेबानं तार आणली होती. पहिल्याच फेऱ्याला 88 फूट कमी पडली. तेव्हापासून जागा किती आणि तिच्याभोवतीची वाट किती, हे दोन प्रश्न मी कधी एक केले नाहीत.

आणखी एक बघ. त्या चौरसाच्या कोपऱ्यातून 10 फूट बाजूचा चौकोनी तुकडा विहिरीसाठी काढला, तर जागा 100 चौरस फुटांनी घटते. परिमिती मात्र 132 फूटच राहते. कडेचे 20 फूट गेले, आत वळताना 20 फूट आले. अशा आकृतीत आतल्या बाजूंवर माप लिहिलेलं नसतं, म्हणून त्या बेरजेतून सुटतात. बोट न उचलता फिरलीस, तर एकही बाजू सुटणार नाही. मात्र मीटर आणि सेंटिमीटर एकत्र आले असतील, तर आधी एकच माप कर.

सुट्टीत आलीस की गोठ्यामागच्या वाफ्याची परिमिती तूच काढायची. तू सांगशील तेवढीच तार मी आणीन.

तुझे
आजोबा