गिअरबॉक्सच्या मागे अजून एक गिअरबॉक्स!

मेकॅनिकलवाल्यांना एक सोपा प्रश्न. ट्रकचं इंजिन तेच ठेवायचंय, गिअरबॉक्स तोच, मागचा ॲक्सलही तोच. तरीही गाडी आत्ताच्या निम्म्या वेगाने, न अडखळता, दगडधोंड्यांवरून चालवायचीय. काय कराल?

"अर्धा क्लच दाबून" असं उत्तर देणाऱ्यांनी आधी क्लच प्लेटची किंमत विचारून यावी! बरोबर उत्तर आहे, मधे अजून एक रिडक्शन टाका. अमेरिकेतल्या हौशी ट्रकवाल्यांनी हेच केलं, आणि त्यासाठी नवीन पेटी बनवली नाही. भंगारात पडलेल्या एका ट्रान्सफर केसचा पुढचा तुकडा काढून घेतला.

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. स्प्लाईन, स्पिगॉट, डॉवेल यांना शुद्ध मराठी शब्द मला येत नाहीत, आणि आपल्या वर्कशॉपच्या मामांनाही लागत नाहीत. तेव्हा हे शब्द जसे आपण बोलतो तसेच लिहितेय.

आधी बेसिक

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. तिची कामं दोन. एक, पॉवर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटून देणं. दुसरं, 'लो' टाकल्यावर वेग आणखी कमी करणं. आपल्याकडच्या जुन्या जीपमधे गिअरच्या दांड्याशेजारी जे छोटे दांडे दिसतात, ते तिचेच.

आपल्या गोष्टीतली पहिली केस म्हणजे एनपी २०३. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या न्यू प्रोसेस गिअर कंपनीची. (तो कारखाना २०१२ साली बंद झाला.) १९७० च्या दशकात जनरल मोटर्स, फोर्ड आणि डॉज, तिघांच्याही ट्रकमधे ही बसत होती. कायम चारही चाकं चालवणारी, आत डिफरन्शियल आणि मोठी चेन असलेली. १९७९ नंतर ती मागे पडली. पण तिची रचना मजेशीर आहे. पुढच्या बाजूला हाय-लो बदलणारी बिडाची वेगळी पेटी, म्हणजे रेंज बॉक्स, आणि तिच्या मागे चेनचा भाग. मधले बोल्ट काढले की दोन तुकडे. रेंज बॉक्सचा लो रेशो २.०१.

दुसरी केस एनपी २०५. हिच्यात चेन नाही, सगळे गिअर. बिडाची, जडशीळ, आणि मजबूतपणासाठी प्रसिद्ध. लो रेशो १.९६.

आता २०३ ची चेन फेकून द्या, तिचा रेंज बॉक्स २०५ च्या पुढे जोडा. दोन्ही लोमधे टाकले की २.०१ × १.९६ = ३.९४. याला तिकडे 'डबलर' म्हणतात.

आकडे बोलतात

जनरल मोटर्सच्या ट्रकमधला एसएम ४६५ हा चार गिअरचा गिअरबॉक्स घ्या. पहिला गिअर ६.५५. ॲक्सलचा रेशो ४.१० धरू.

फक्त २०५ असताना: ६.५५ × १.९६ × ४.१० = ५२.६
डबलर लावल्यावर: ६.५५ × ३.९४ × ४.१० = १०५.८

इंजिन ८०० आरपीएमवर आणि टायर ०.९ मीटर व्यासाचा असेल, तर पहिल्या केसमधे गाडी ताशी २.६ किलोमीटर जाते, दुसऱ्यात १.३. म्हणजे मेसच्या रांगेपेक्षा थोडी जलद! पण यामुळेच ड्रायव्हरला प्रत्येक दगडावर चाक कुठे ठेवायचं ते बघायला वेळ मिळतो, आणि क्लचला हात (म्हणजे पाय) लावावा लागत नाही.

मग अडचण कुठे?

अडचण ही की रेंज बॉक्स एका ठरावीक गिअरबॉक्ससाठी बनलेला असतो आणि आपल्या हातात गिअरबॉक्स भलताच असतो. एकट्या जनरल मोटर्सचंच बघा. टर्बो हायड्रामॅटिक ३५० च्या फोर-व्हील-ड्राइव्ह आउटपुट शाफ्टला २७ स्प्लाईन, टर्बो हायड्रामॅटिक ४०० ला ३२, आणि जुन्या एसएम ४६५ ला चक्क १०. शाफ्टची लांबी वेगळी, मागच्या तोंडावरची बोल्टची रचनाही वेगळी.

यावर हॉस्टेलमधे हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, "त्यात काय, एक प्लेट कापायची, आठ भोकं पाडायची, झालं!" नाही झालं. ही मधली प्लेट, म्हणजे अडॅप्टर, दोन पेट्यांमधली पॅकिंग नाही. दोन्ही पेट्यांच्या आतले गिअर आणि बेअरिंग कारखान्यातल्या माणसांनी नीट डिझाईन केलेत. आपण बनवतो तो फक्त मधला भाग, आणि जे काही चुकायचं ते तिथेच चुकतं. अडॅप्टर बनवताना चार प्रश्न विचारायचे.

१. सेंटर कोण ठरवतो?

बोल्ट ठरवत नाही! बोल्ट फक्त दाबून धरतो. एम १० च्या बोल्टला साधारण ११ मिमीचं भोक असतं, म्हणजे प्लेट कुठल्याही बाजूला अर्धा मिमी सरकू शकते. सेंटर ठरवायला गोल खांदा हवा, म्हणजे स्पिगॉट, जो समोरच्या बोअरमधे घट्ट बसतो. नाहीतर डॉवेल पिना.

अर्ध्या मिमीने काय होतं? दोन्ही टोकांना बेअरिंगमधे पकडलेला शाफ्ट दर फेऱ्याला एकदा वाकतो आणि सरळ होतो. ३००० आरपीएमवर तासाला १,८०,००० वेळा. साडेपाच तासांत दहा लाख. मशीन डिझाईनच्या पेपरात आपण काढतो तो एस-एन कर्व्ह पोलादासाठी साधारण दहा लाखांपाशी आडवा होतो, हे आठवा. म्हणजे चुकीचा अडॅप्टर पहिल्या दिवशी मस्त चालेल, टाळ्या पडतील, आणि मग एखाद्या संध्याकाळी शाफ्ट तुटेल. कारण कुणालाच कळणार नाही.

म्हणून डायल गेज लावायचाच. आणि लक्षात ठेवा, गेजवरचं पूर्ण रीडिंग हे सेंटरमधल्या फरकाच्या दुप्पट असतं. साध्या मॅन्युअल गाडीच्या बेलहाउसिंगला पूर्ण रीडिंग साधारण ०.१२५ मिमीच्या आत असावं असं धरतात. आपल्या अर्ध्या मिमीचं रीडिंग येतं १ मिमी. आठपट!

बोअर आणि स्पिगॉट लेथवर एकाच सेटिंगमधे काढा. जॉब उलटा करून पुन्हा पकडला की सेंटर गेलाच समजा.

२. शाफ्ट किती आत जातो?

स्प्लाईनची संख्या जुळली म्हणजे शाफ्ट जुळला असं नाही. व्यास, दाताचा आकार, प्रेशर अँगल, सगळं जुळायला हवं. ते जुळलं की खोली बघा. स्प्लाईन निदान शाफ्टच्या व्यासाइतक्या लांबीत एकमेकांत असाव्यात. पोचल्या नाहीत तर दात झिजतात. उलट शाफ्ट जास्त लांब निघाला तर तो तळाला टेकतो आणि बेअरिंगवर ढकलत राहतो. थंड असताना अगदी बरोब्बर बसलेला ३०० मिमीचा पोलादी शाफ्ट ८० अंशांनी तापला की सुमारे ०.२८ मिमी लांब होतो. त्याला जागा नको का?

म्हणून अडॅप्टरची जाडी आधी ठरवून चालत नाही. आधी दोन्हीकडची खोली मोजायची, मग जाडी काढायची.

३. तेल कुणाचं?

टर्बो ३५० हा ऑटोमॅटिक आहे, त्याच्या तेलाचं काम आणि रेंज बॉक्सच्या तेलाचं काम वेगळं. मधे ऑइल सील हवं, सीलची कड जिथे घासते तिथे शाफ्ट गुळगुळीत हवा, आणि प्रत्येक पेटीला स्वतःचा भरायचा प्लग, काढायचा प्लग आणि श्वास घ्यायला भोक हवं. ब्रीदर नसेल तर तापलेली हवा सीलमधूनच वाट काढते.

४. वजन कोण उचलतो?

समजा रेंज बॉक्स आणि २०५ मिळून १०० किलो झाले, आणि त्यांचा गुरुत्वमध्य गिअरबॉक्सच्या तोंडापासून ३०० मिमी मागे आहे. नुसतं उभं असताना त्या जोडावर २९४ न्यूटन-मीटरचा बेंडिंग मोमेंट येतो. खड्ड्यात तिप्पट झटका बसला तर जवळजवळ ८८०. टर्बो ३५० ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे! म्हणून मागच्या पेटीखाली वेगळा क्रॉसमेंबर लागतो, रबर माउंटसकट.

आणि पेटी मागे सरकली की मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो, पुढचा लांब. मागे २०० मिमीचा उतार १००० मिमी लांबीत असेल तर कोन ११.३ अंश, आणि तोच ७५० मिमीत असेल तर १४.९. साध्या युनिव्हर्सल जॉइंटमधे आउटपुटचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. ११ अंशांना सुमारे २ टक्के, १५ अंशांना ३.५. दोन्ही टोकांचे कोन सारखे नसतील तर हा थरथराट थेट डिफरन्शियलला जातो.

ताकद वाढते का?

आता तुम्ही म्हणाल, टॉर्क दुप्पट झाला ना, मस्तच की! हिशोब करू. इंजिनाचा टॉर्क ३५० न्यूटन-मीटर धरा. फक्त २०५ असताना पहिल्या गिअरमधे ट्रान्सफर केसमधून ४,४९० निघू शकतात, डबलरने ९,०३०. पण गाडी २५०० किलोची, घर्षण ०.८ आणि टायरची त्रिज्या ०.४५ मीटर असेल, तर चारही टायर मिळून प्रोपेलर शाफ्टकडे मागू शकतात सुमारे २,१५० च. त्यापुढे टायर घसरतो. म्हणजे डबलर ताकदीसाठी नाहीच, तो हळू चालण्यासाठी आहे.

पण चाक दोन दगडांच्या मधे अडकलं, घसरायला जागाच नाही, आणि वर एखाद्याने ॲक्सिलरेटर दाबला, तर? मग मागच्या साखळीतली सर्वात कमजोर कडी तुटते. युनिव्हर्सल जॉइंट, ॲक्सल शाफ्ट, नाहीतर २०५ चा इनपुट. रिडक्शन जितकं पुढे टाकाल, तितके जास्त भाग त्याच्या मागे येतात आणि प्रत्येकाला तो वाढीव टॉर्क सोसावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं

हे शेवटी लिहितेय, पण वाचायचं असेल तर आधी हेच वाचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधे 'पार्क' टाकला की आतलं एक खटकं गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट अडवतं. चाकं नाही अडवत, शाफ्ट अडवतं! त्याच्या मागे आपण रेंज बॉक्स लावला आणि तो न्यूट्रलमधे राहिला, तर शाफ्ट अडकलेला आणि गाडी मोकळी. उतारावर ड्रायव्हर पार्क टाकून खाली उतरतो, गाडी निघते. गाडी पहिल्या गिअरमधे टाकून उभी करायची मॅन्युअलवाल्यांची सवयसुद्धा इथे काही कामाची नाही. २०५ ला स्वतःचा न्यूट्रल आहे, त्यात रेंज बॉक्सचा आणखी एक. म्हणजे असं व्हायच्या जागा दोन झाल्या.

म्हणून चाकांना धरणारा चांगला हँडब्रेक, दांड्यांवर स्पष्ट खुणा, आणि खाली उतरण्याआधी चाकांना दगड. हे ड्रॉइंगमधे येत नाही, व्हायव्हात कुणी विचारत नाही, पण माणूस मरतो तो यानेच.

आपल्याला याचं काय?

आपण कोणी अमेरिकन ट्रक बनवत नाही. पण २००७ पासून होणाऱ्या बाहा स्पर्धेसाठी आपल्या देशातल्या कितीतरी टीम्सनी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनाला तीनचाकी महिंद्रा अल्फाचा गिअरबॉक्स जोडलाय. एकीकडे कीवे असलेला शाफ्ट, दुसरीकडे स्प्लाईन, मधे आपण बनवलेला भाग. म्हणजे प्रश्न तेच चार.

तेव्हा फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्यांनो, सिनॉप्सिसमधे "कपलिंग: लोकली फॅब्रिकेटेड" एवढी एक ओळ लिहून पुढे जाऊ नका. त्याच पानावर सेंटर कशाने धरलाय, शाफ्ट किती आत आहे, तेल कुठे अडतं आणि वजन कुठे टेकतं, हे चार आकड्यांत लिहा. आकडा येत नसेल तर मामांकडून डायल गेज मागून घ्या. देतात ते, फक्त पाचच्या आत परत करायचा.