औषधाचे दुकान आणि बालकांची सुरक्षितता

येळ्ळूरसारख्या गावात रुग्णाची तपासणी बेळगावच्या रुग्णालयात झाली, तरी औषधाची बाटली पुष्कळदा गावातल्याच दुकानातून घेतली जाते. उपचाराच्या साखळीतील हा शेवटचा दुवा होय. तो जितका पक्का, तितका उपचार सुरक्षित. बालरोगतज्ज्ञ म्हणून पंचवीसहून अधिक वर्षे काम करताना माझे हे मत दृढ होत गेले आहे.

बिल आणि बॅच क्रमांक

१९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणातील शैथिल्य उघडकीस आणले. तरीही २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपुरास हलविले होते. औषधाच्या नमुन्यात तेच द्रव्य ४८.६ टक्के आढळले. अनुज्ञेय मर्यादा आहे ०.१ टक्का.

हे द्रव्य रंगहीन व चवीला गोडसर असून ते मूत्रपिंडे निकामी करते. दुकानात बसून ते ओळखणे कोणालाही शक्य नाही. मात्र प्रत्येक खरेदी परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडून व बिलानेच केली, आणि ग्राहकाच्या बिलावरही बॅच क्रमांक घातला, तर इशारा येताच तो माल त्याच दिवशी बाजूला काढता येतो व कोणत्या घरी बाटली गेली याचा शोधही घेता येतो. बिलाविना झालेल्या विक्रीत हा मार्गच बंद होतो. शिवाय, २ वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत व ५ वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत, असा सल्ला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२५ मध्ये दिला आहे. तेव्हा “खोकल्याचे काहीतरी द्या” या मागणीला नम्र नकार देणे हीदेखील रुग्णसेवाच आहे.

थेंब आणि सिरप

भेसळीचे प्रसंग विरळा. मात्रेची गल्लत मात्र नित्याची. पॅरासिटामॉलचेच उदाहरण घेऊ. थेंबांच्या बाटलीत साधारणतः १ मि.लि. मध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरप दोन प्रकारचे मिळते : ५ मि.लि. मध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. १० किलो वजनाच्या बालकास एका वेळी १५० मिलिग्रॅम द्यावयाचे, तर पहिल्या सिरपचे ६ मि.लि. होतात. त्याऐवजी दुसरे सिरप दिले गेले व मात्रा ६ मि.लि. च राहिली, तर ३०० मिलिग्रॅम पोटात जाते; थेंबांची बाटली दिली गेली, तर ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट! दिवसातून चार वेळा असे घडले, तर यकृतास गंभीर इजा होऊ शकते. “एकच औषध आहे, फक्त बाटली वेगळी” असे सांगून दिलेल्या बाटल्या पालकांनी माझ्याकडे अनेकदा आणून दाखविल्या आहेत.

साठवण

टिळकवाडीचे व्हॅक्सिन डेपो आपणा सर्वांस परिचित आहे. एके काळी तेथे देवीची लस तयार होत असे. लस किंवा इन्सुलिन यांचा गुण थंडाव्यावर अवलंबून असतो. त्यांस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. ती गोठताही कामा नयेत. दुकानातील फ्रिजमध्ये तापमापक, दिवसातून दोनदा नोंद आणि वीज गेल्यास पर्यायी सोय, एवढे तरी असावयास हवे. अँटिबायोटिकची कोरडी भुकटी उकळून थंड केलेल्या पाण्यात खुणेपर्यंत कालवावी. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचे असे औषध फ्रिजमध्ये ठेवून ७ दिवसांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. ही माहिती दुकानातूनच मिळाली पाहिजे.

कायदा व कर्तव्य

फार्मसी कायदा, १९४८ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावयाचे असते. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या अनुसूची ‘एच-१’ मधील औषधांची विक्री स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती ३ वर्षे जपावी लागते. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले, पण फार्मासिस्ट जागेवर नाही, अशा दुकानात या तरतुदींचा रुग्णास काय उपयोग?

दोष केवळ दुकानदाराच्या माथी मारून चालणार नाही. आपण डॉक्टरांनी चिठ्ठी सुवाच्य लिहावी. बालकाचे वय, वजन, औषधाची तीव्रता आणि मात्रा मि.लि. मध्ये नमूद करावी. “एक चमचा” हा शब्द तर वर्ज्यच करावा, कारण घरोघरचे चमचे निराळे. आपल्या भागात वेष्टनावरील मजकूर पुष्कळ पालकांना वाचता येत नाही. म्हणून फार्मासिस्टने मात्रा मराठीत किंवा कन्नडमध्ये बाटलीवर लिहावी आणि मापाच्या टोपणावर खूण करून दाखवावी.

पालकांनी तीन गोष्टी कराव्यात : बिल मागावे, मुदत पाहावी, आणि मागील आजाराची चिठ्ठी किंवा थोरल्या मुलाचे औषध धाकट्यास वापरू नये. शंका आली तर फार्मासिस्टने डॉक्टरांना दूरध्वनी करावा आणि डॉक्टरांनीही तो रुग्ण तपासणे क्षणभर थांबवून घ्यावा. त्या एका मिनिटाने एखाद्या घरचे मूल वाचू शकते.